पोट नसलेलं शीड

खैरुद्दीनमामूंना डोंगर आवडत नसत. डोंगर दुरून बघायचा, तोही गलबतावरून, आपण कुठवर आलो ते कळावं म्हणून. त्यावर चढायचं काम बकऱ्यांचं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. असा माणूस वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी रास अल खैमाच्या मागच्या डोंगरांत दहा दिवस पायपीट करून आला, आणि त्यांना तिथे धाडण्यात थोडा हात माझा होता. थोडा म्हणजे बराचसा. मामूंना विचारलंत तर ते म्हणाले असते, सगळा. कुठलीही गोष्ट बिघडली की तिचा दोष एकाच माणसावर घालून मोकळं व्हायची त्यांना सवय होती, आणि त्या वर्षी तो माणूस मी होतो.

ते माझे सख्खे मामू नव्हते. जयगडला आमची आणि त्यांची घरं एका वाडीत, एवढंच नातं. पण त्रेसष्ट साली दुबईत आपल्या वाडीचा माणूस भेटणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. मी एका सर्व्हे कंपनीत टायपिस्ट होतो, मिनिटाला साठ शब्द, आणि त्याची मला जरा जास्तच घमेंड होती. मामू देऱ्याला खाडीच्या काठावर एका अरब व्यापाऱ्याच्या वखारीत शिडं शिवत. त्या मालकाला सगळे अरबाब म्हणत. वखार लांबलचक, छप्पर झापांचं, जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं कापड पसरलेलं. त्या कापडावर चप्पल घालून आलेल्या माणसाला मामू आधी दाभण दाखवत, मग नाव विचारत.

शीड म्हणजे सपाट चादर नव्हे, हे मला मामूंनी शिकवलं. दोन पट्टे जोडताना इथे बोटभर ढील द्यायची, तिथे अर्धं बोट आवळायचं, असं करत करत कापडाला पोट आणायचं. त्या पोटात वारा बसतो आणि मग गलबत चालतं. कुठे किती ढील, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. चाळीस वर्षांत ते त्यांच्या बोटांत जाऊन बसलं होतं, आणि बोटं डोक्याला न विचारता काम करत. मामू गप्पा मारत, रेडिओला शिव्या घालत, माझ्या लग्नाचं काय ते विचारत, आणि खाली शिवण आपली धावत असे.

पण गलबतांना इंजिनं बसू लागली होती. त्यातून त्यांचा मुलगा अजीज खाडीच्या पलीकडे बर दुबईत इंजिनंच बसवायचा. बापलेक शुक्रवारी एका ताटात जेवत आणि जेवताना भांडत.

"बावा, टाइम बदलला. वारा असो नसो, चार दिवसांत बंदर अब्बास करून परत येतात लोक," अजीज म्हणायचा.

"आणि इंजिन बंद पडलं की? मग काय करतात, तुला पत्र लिहितात?"

"मग शीड लावतात."

"हां. मग? कुणी शिवलेलं?"

अजीज हसून त्यांच्या ताटात माशाचा मधला तुकडा सारायचा. भांडण तिथे संपायचं, पण शिडांची कामं काही वाढत नव्हती. ऑक्टोबरात एकही आलं नाही. नोव्हेंबरात अरबाबनं चहा पाजून गोड शब्दांत सांगितलं की रमजानपर्यंत बघतो, नाहीतर वखार इंजिनांच्या खोक्यांसाठी लागेल.

त्या दिवशी मामू मला प्रथमच घाबरलेले दिसले. पैशाची चिंता नव्हती. अजीज मिळवता होता, गावी ताजबीमामी होती, घर कौलारू होतं, नारळाची झाडं होती. "त्याच घराच्या पडवीत माझा भाऊ बसला," ते म्हणाले. "बहरीनहून परत गेला तेव्हा एका हातानं नांगर ओढायचा. पडवीत बसला, आणि एका वर्षात लोक त्याला हात धरून उठवायला लागले. मुनीर, माझ्या हातांना काम पायजे. काम सुटलं की मी म्हातारा, खलास." मी उगीच "इन्शाल्ला होईल काहीतरी" म्हटलं आणि स्वतःचाच राग आला.

ते काहीतरी पंधरा दिवसांनी झालं. आमच्या कंपनीत हॉब्ज नावाचे एक साहेब होते. दगडांचा साहेब. त्यांना उत्तरेकडच्या डोंगरांत, वादी बीह नावाच्या कोरड्या नदीच्या घळीच्याही आत, जिथे रस्ता नाही, गाव नाही, अशा ठिकाणी दहा दिवस चालत हिंडून दगड तपासायचे होते. नकाशावर त्या भागात नुसता पांढरा कागद होता, आणि तो बघून साहेबांच्या तोंडाला पाणी सुटे. अडचण तंबूंची होती. कंपनीचे तंबू मिलिटरीचे, एकेक उचलायला उंट लागायचा, आणि त्या घळींत उंट जात नाही, गाढवच जातं. हलके तंबू विलायतेहून यायला दोन महिने. साहेब हताश होऊन खिडकीबाहेर बघत बसले होते. मी टाइप करता करता म्हणालो, "सर, आय नो वन मॅन."

दुसऱ्या दिवशी साहेब वखारीत आले. बूट दाराशी काढायला लावले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते मामूंनी बघितलं आणि साहेब त्यांना आवडला. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होतो.

"किती माणसं?" मामूंनी विचारलं.

"साहेब, त्यांचा असिस्टंट, मी, दोन गाढववाले आणि एक वाटाड्या. सहा."

"पाणी कुठे भरणार?"

"वाटेत टाक्या आहेत म्हणे, पावसाच्या पाण्याच्या."

"म्हणे? म्हणे म्हणजे काय? कुणी बघितल्यात? वारा कुठला? दुपारचा कुठून, सांजचा कुठून? रात्री मुक्काम टाकायचा तिथे आडोसा आहे?"

साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण प्रश्न ऐकून ते इतके खूश झाले की वहीत भराभर लिहून घेऊ लागले. मग वाटाड्यालाच बोलावून घेतलं. त्याचं नाव खमीस. तो त्या डोंगरांतलाच, बुटका, काटक, हातात नेहमी लहानशी कुऱ्हाड, आणि समुद्राबद्दल त्याचं मत मामूंच्या डोंगराबद्दलच्या मताइतकंच वाईट. दोघं समोरासमोर बसले. नकाशाच्या चार कोपऱ्यांवर मेणाचे गोळे ठेवून आमची बैठक सुरू झाली, ती पुढे आठवडाभर रोज संध्याकाळी चालली.

मामूंनी सगळी तयारी गलबत मस्कतला निघाल्यासारखी केली. तांदूळ अमुक, डाळ तमुक, चिंच, मीठ, कांदे, एक पिंप पाणी जास्तीचं, सुका बोंबील वेगळा बांधून. साहेबांच्या यादीतली बिस्किटं त्यांनी "हे पेशंटचं जेवण" म्हणून बाजूला काढली. खमीस शांतपणे ऐकून घेई. मग उठून बांधलेलं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून बघे आणि म्हणे, "ला, नाही. गाढव मरेल." मग पिंप गेलं. कांदे निम्मे झाले. माझी उशी गेली, ती त्या यादीत कशी आली ते मला माहीत नाही असं मी सांगितलं. खमीसच्या हिशेबात पहिल्या टाकीपर्यंत एक दिवस, तिथून चढ, दुसरी टाकी दुपारी, आणि वारा संध्याकाळी घळीतून खाली कोसळतो. "कोसळतो म्हणजे?" मामूंनी विचारलं. खमीसनं तळहात वरून खाली आणून जमिनीवर आपटला. "तुम्ही कुठे झोपता मग?" "दगडाखाली." मामूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की हा माणूस बिचारा अनाथ आहे.

तीन तंबू शिवायचे होते, तिन्ही मिळून एका गाढवाच्या पाठीवर बसतील असे. मामूंनी जुनं कापड घेतलं नाही. मालकाकडून नवं कोरं हलकं कापड काढलं, गालाला लावून बघितलं, दोऱ्याला मेण घासलं आणि शिवायला बसले. इतके खुशीत मी त्यांना त्या वर्षी बघितलं नव्हतं. अजीज जेवण घेऊन यायचा तर त्याला म्हणायचे, "ठेव तिथे, आणि इंजिनाच्या तेलाचे हात कापडाला लावू नको." पाच दिवसांत पहिला तंबू तयार. टाके असे की मोजून घ्यावेत. मी तर म्हणालो, मामू, यात राहायला मी पगारातून भाडं देईन.

देऱ्यामागच्या मोकळ्या वाळूत तो उभा करून बघायचं ठरलं. साहेब आले, अरबाब सहज म्हणून आला, अजीज आला, चार कोळी आणि बरेच बघे जमले. तंबू उभा राहिला. सुरेख दिसत होता. साहेब आत घडीची खाट टाकून तिच्यावर बसले आणि म्हणाले, "व्हेरी गुड." तेवढ्यात शमाल सुटला. उत्तरेचा तो वारा हिवाळ्यात असाच दुपारी न सांगता येतो.

तंबूच्या दोन्ही बाजू आत झेपावल्या, मग बाहेर फुगल्या. फुगल्या म्हणजे अशा, की गोलाई बघत राहावी. आणि मामू हात वर करून ओरडले, "काय भरलंय! मुनीर, बघ, बघ कसं भरलंय!"

मग खुंट्या उखडल्या. चारही एकदम. तंबू उचलला गेला, जरा तिरका झाला, आणि खाडीच्या दिशेनं झकास चालू लागला. साहेब एका दोराला लटकून पन्नास पावलं त्याच्या मागे धावले. खाट उलटली. कोळी "यल्ला, यल्ला" करत आडवे गेले आणि पाण्याच्या काठाशी त्याला धरला. पोट धरधरून हसले सगळे. साहेबसुद्धा वाळू झाडत हसत होते. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. खमीस तर खाली बसून हसत होता.

मामू हसत नव्हते. हात अजून तसेच वर होते. ते हळूहळू खाली आले. त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या बोटांनी कापडाला पोट आणलं होतं. तंबूला पोट आणलं होतं! अरबाब नुसता मान हलवत निघून गेला.

दोन दिवस मामू वखारीतून बाहेर आले नाहीत. निघायला आठ दिवस उरले होते. साहेबांनी मला विचारलं, मिलिटरीचा एक तंबू कापून लहान करता येईल का. मी म्हटलं, दोन दिवस थांबा सर. का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी अजीजला घेऊन वखारीत गेलो. मामू तंबू मांडीवर घेऊन बसले होते.

"कसं करायचं ते ठाऊक आहे मला," ते आम्हाला बघून म्हणाले. "सगळ्या शिवणी उसवायच्या, सगळीकडे सारखं आवळायचं, वर वारा जायला झरोका. पोट गेलं, काम झालं. एखाद्या शिकाऊ माणसाकडून चुकून व्हायचं असं शीड, त्याला आम्ही मेलेलं शीड म्हणायचो. माझ्या उस्तादानं माझ्या हातून झालेलं एक भर बंदरात फाडलं होतं. आता मी मुद्दाम तसं करू? नवं कापड घेऊन?"

मी टायपिस्ट माणूस, मला काय समजणार. पण अजीजनं बैठक मारली. "बावा, मी पहिलं इंजिन बसवलं तेव्हा तुमचंच शीड उतरवून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. रात्री जेवलो नाही मी." मामूंनी मांडीवरचा तंबू खाली ठेवला. "तुम्ही करा," अजीज म्हणाला. "मी उसवू लागतो. हात धुऊन आलोय."

त्यानं हात पुढे करून दाखवले. मामूंनी ते उलटसुलट बघितले, वास घेतला, आणि कैची दिली.

रात्रीचा दिवस करून सहा दिवसांत तिन्ही तंबू झाले. शिवताना मामू एक शब्द बोलत नव्हते. गप्पा मारल्या की बोटं पुन्हा ढील देतात, म्हणून प्रत्येक शिवणीला ताणलेली दोरी लावून डोळे बारीक करून बसत. निघायच्या आदल्या दिवशी तंबू ताब्यात देताना मामू मला म्हणाले, "साहेबाला सांग, मी येणार."

"कुठे?"

"डोंगरात. नवं शीड चढवलं की पहिल्या फेरीला शिवणारा गलबतावर पायजे. उस्तादाचा नियम. फाटलं तर तो असला पायजे, बुडालं तरी तो असला पायजे."

"मामू, हा तंबू आहे."

"मग काय, तो हॉब्ज एकटा उडून जाऊ दे?"

साहेबांनी ऐकलं आणि लगेच हो म्हटलं. खमीसनं मामूंच्या पायांकडे बघितलं, मग पोटाकडे, आणि कांदे आणखी कमी केले.

ओहोटी बघून किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून लँडरोव्हर उत्तरेला गेली. वादीच्या तोंडाशी गाढवं लागली आणि पुढे पाय. मामू दर शंभर पावलांवर थांबून मागे समुद्र दिसतो का ते बघत. पहिल्या वळणानंतर दिसेना, तेव्हा त्यांनी माझा उद्धार केला. दुसऱ्या वळणाला माझ्या टाइपरायटरचा. पहिल्या मुक्कामी गाढवानं बोंबलांचं पुडकं फाडून निम्मे फस्त केले. किनाऱ्याची गाढवं सुक्या मासळीवरच वाढलेली, त्यांना वाटलं घरचाच डबा आहे. मामू गाढवाला मारायला उठले आणि मग तिथेच बसून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "मस्कतला जाताना कुठल्या गलबतानं माझं जेवण खाल्लं नव्हतं," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खूप वर चढलो. दगडांच्या पायऱ्यांची शेतं, कोवळा गहू, आणि खाली नुसत्या घळी. खमीसनं जागा दाखवली, तंबू उभे केले. ऊन कड्यावरून उतरायच्या बेताला वरून घुमल्यासारखा आवाज आला. खमीसनं तळहात आपटून दाखवलेला तोच वारा. भांडी उडाली. माझी टोपी गेली ती ओमानात पडली असणार. साहेब आपल्या तंबूत शिरले, मी मामूंबरोबर दुसऱ्यात.

आत आम्ही दोघं. मामू गुडघ्यावर बसून दोन्ही तळवे कापडाला टेकवून होते. बाहेर वारा येत होता, आपटत होता, आणि कापड कुठेच भरत नव्हतं. जरा थरथरायचं, की वारा वरून सरकून गेलेला. असं बराच वेळ चाललं. मला मामूंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर शिडं शिवलेल्या माणसाला हे कसं वाटत असेल? मी हळूच विचारलं, "वाईट वाटतंय?"

"गप रे," मामू म्हणाले. "ऐकू दे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "चाळीस वर्षं मी वाऱ्याला ये म्हणायचो. आज जा म्हटलं, तर तेही ऐकतोय माझं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

सकाळी वारा पडला होता. तिन्ही तंबू जागच्या जागी. खमीस दगडाखाली झोपायचं सोडून पहाटे कधीतरी गाढववाल्यांच्या तंबूत येऊन घोरत होता, पण ते कुणी त्याला बोललं नाही. साहेबांनी मामूंचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला आणि मला सांगायला लावलं, आणखी बारा तंबू हवेत, दुसऱ्या टोळ्यांनाही लागतील, या डोंगरांचं काम एका फेरीत संपणारं नाही.

मामू बाहेर जाऊन उभे राहिले. समोर डोंगरामागे डोंगर, त्यामागे डोंगर, उजाडत चाललेले.

"विचार त्याला," ते म्हणाले, "हे सगळे बघून संपवायला किती वर्षं लागतील?"

मी विचारलं. साहेबांनी हिशेब केला. "आठ. कदाचित नऊ."

मामूंनी बोटांवर मोजलं. छप्पन्न आणि नऊ. पुन्हा मोजलं, बोटांवर विश्वास नसल्यासारखं.

"पासष्ट," ते म्हणाले. "चालेल. मग बघू म्हातारं व्हायचं की नाही ते."